दुसऱ्या व्हायोलिनचं शेवटचं स्टँड

—नाही, नाही, तो फोटो शेवटचा नव्हे, पहिला. एकोणीसशे एकोणनव्वद. सगळेच म्हातारे दिसतायत म्हणून तुला शेवटचा वाटला असेल — पण आमचं सुरुवातीपासूनच तसं होतं, तरुण माणसं मागाहून आली. बस ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे दिवाणावर बस. रुपाली ना तू? हां. तुमच्या नव्या ऑर्केस्ट्राच्या स्मरणिकेत आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राचा इतिहास छापायचाय, असं म्हणालीस फोनवर. दोन पानं. बावीस वर्षं दोन पानांत — बसतील, बसतील, नीट दाबून भरली तर बसतील. चहा टाकू का? नको? बरं. मीही दुपारी घेत नाही, पण कुणी आलं तर टाकते. म्हणजे तसं कुणी येत नाही, तो प्रश्न वेगळा. तो मोबाइल असा मध्येच ठेव टीपॉयवर, माझा आवाज बारीक आहे. तुझे प्रश्न लिहून आणलेयस वाटतं — राहू देत ते, मी सांगते ओळीने, मग काही उरलं तर विचार.

तर सत्त्याऐंशी साल. मिनेझिस सर म्हणून एक गृहस्थ, गोव्याचे, फौजेच्या बँडमधून निवृत्त होऊन कॅम्पात राहायचे. त्यांच्या डोक्यात आलं की पुण्यात सिंफनी वाजवायची. कशाला? मलाही नाही माहीत कशाला. पुण्याला काय गरज होती? कुणी मागितली होती का? पण सरांनी एका चर्चच्या शाळेचा हॉल मिळवला, रविवारी दहा ते एक, आणि माणसं गोळा केली — जुने बँडवाले, एक पारशी दातांचे डॉक्टर चेलोवर, डिफेन्स अकाउंट्समधले दोघं भाऊ, आणि माधव म्हणून एक बँकेतला, तो पेटी वाजवायचा. पेटी कशाला म्हणून विचार. अगं, सिंफनीत बसून नावाचं एक वाद्य लागतं, लाकडी, माणसाएवढं उंच — ते अख्ख्या पुण्यात नव्हतं. मग त्याचे सूर माधव पेटीवर काढायचा. सर दर वेळी विचारायचे, बसून कुठंय, बसून? आणि माधव म्हणायचा, बसूनच वाजवतोय सर, उभं राहून पेटी वाजते का? — तू हसलीस. आम्ही दर रविवारी हसायचो. तोच विनोद, सहा-सात वर्षं. विनोद असे टिकाऊ लागतात.

मी? मी टेलिफोन ऑफिसात. नव्या कनेक्शनच्या अर्जांच्या खिडकीत. तुला खरं वाटणार नाही, पण त्या वेळी फोनसाठी आठ-आठ वर्षं नंबर लागायचा — माणसं लग्नाच्या पत्रिका घेऊन यायची, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन यायची, आणि मी म्हणायची, यादी आहे, यादीप्रमाणे होईल. व्हायोलिन मी शिकले ते खाली मांडी घालून, आपल्या पद्धतीने. गुरुजी वारले, मग नुसतं घरी वाजवायची, आईला ऐकवायची. आई म्हणायची, छान, आता कुकर लाव. कॅम्पातल्या एका दुकानाच्या फळ्यावर सरांची चिठ्ठी पाहिली आणि गेले. सरांनी ऐकलं आणि म्हणाले — त्यांची भाषा म्हणजे सगळ्याचा काला — ‘बाय, सूर लगाके निकल जानेका. उधर घर नहीं बांधनेका.’ आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या स्टँडवर बसवलं. दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, माहितीये ना तुला? चाल पहिल्यांकडे असते. दुसऱ्यांनी खालून नुसतं टेकू देत राहायचं. लोकांना ते ऐकू येत नाही, पण काढलं की सगळं पोकळ लागतं. निदान सर तसं म्हणायचे. माझी समजूत काढायला म्हणत असतील.

आता एका स्टँडवर, म्हणजे कागद ठेवायच्या त्या घोडीसमोर, दोघं बसतात. एक नोटेशन, दोन माणसं. माझ्या शेजारची खुर्ची वर्षभर रिकामी होती. पान संपलं की मी वाजवायची थांबायची, पान उलटायची, पुन्हा पकडायची, तोवर बाकीचे पुढे. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात एक माणूस आला. कारखान्याचा निळा शर्ट तसाच अंगात, पहिली पाळी करून नव्हे, रात्रपाळी संपवून आलेला, आणि व्हायोलिन रेक्झिनच्या पिशवीत — बायकोने घरी शिवलेली पिशवी. हॉलमध्ये आला आणि सरळ खाली बसला, भिंतीला टेकून, आणि व्हायोलिन छातीला लावलं. सर म्हणाले, चेअर, चेअर. तो म्हणाला, ‘खाली बरं वाटते जी.’ भीमराव ढोमणे. यवतमाळकडचे, दारव्ह्याचे. मामा कलापथकात व्हायोलिन वाजवायचे, त्यांच्याकडून उचललेलं. भोसरीत प्रेसवर कामाला — प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, पत्रा दाबायचं मशीन. विश्रांतवाडीला दोन खोल्या, बायको इंदुबाई, मुलगी प्रियदर्शनी. नोटेशनचं एक अक्षर येत नव्हतं. पण एकदा ऐकलं की वाजवायचे. सरांनी त्यांना माझ्याशेजारी बसवलं आणि म्हणाले, बाय, याला वाचायला शिकव. सहा महिन्यांत शिकले. मला अख्खं वर्ष लागलं होतं — हे लिहू नकोस.

आतल्या बाजूला बसतो त्याने पान उलटायचं असतं. ते आतल्या बाजूला. आणि मला सवय अशी की माझी नजर हातांच्या पुढे पळते — वाजवतेय एक आणि वाचतेय पुढचं. त्यांनी ते कसं ओळखलं कोण जाणे, पण ते पान वेळेवर उलटायचेच नाहीत, आधी उलटायचे. दोन ओळी शिल्लक असतानाच. मी कधी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांत एकदाही नव्हतं सांगितलं. फार बोलायचोच नाही आम्ही. ‘आज ऊन हाय.’ ‘हो ना.’ ‘प्रियदर्शनीचा रिझल्ट लागला.’ ‘किती पडले?’ एवढंच. तालीम संपली की मी पूलगेटला बसची वाट बघायची — मी इकडे सहकारनगरला, ते अगदी उलट्या दिशेला — तर माझी बस येईपर्यंत ते सायकल धरून उभे राहायचे. मी म्हणायची, अहो, तुम्ही निघा, रात्रपाळी झालीये. ते म्हणायचे, ‘येईल ना आता बस.’ बस यायला कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. बस यावी असं मला — असो. बस यायची.

नव्वद-एक्याण्णवपर्यंत आमचं असंच. व्हायोलिनच्या तारा मिळायच्या नाहीत, डॉक्टरांचा मेव्हणा मस्कतहून आणायचा, तुटलेली तार लोक गाठ मारून वापरायचे. मग ते सगळं उघडलं म्हणतात ना — बाजार, परदेशी माल — तसं कॅम्पातच दुकानात जर्मन तारा दिसायला लागल्या. आम्ही काचेबाहेर उभे राहून बघितल्या, खोटं नाही सांगत. फोनच्या याद्या संपल्या. माझ्या खिडकीत माणूस येईना. गंमत बघ, आधी आठ वर्षं थांबा म्हणताना वाईट वाटायचं, आणि मग कुणी विचारायलाच येईना त्याचं जास्त वाईट वाटायला लागलं. आणि इकडे तार मिळायला लागली तर वाजवणारा जायला लागला. डिफेन्सच्या भावांपैकी एकाचा मुलगा अमेरिकेला गेला, तो वडलांना घेऊन गेला. दोन हजार साल येतंय, कॉम्प्युटर बंद पडणार, म्हणून तिकडे सगळ्यांना बोलावत होते — आमच्या पहिल्या व्हायोलिनमधली तीन तरुण मुलं एका वर्षात गेली. जाताना म्हणायची, ताई, मेल करू. करतात की. दिवाळीला सगळ्यांना मिळून एक.

सत्त्याण्णवला भीमरावांचं बोट गेलं. डाव्या हाताची करंगळी. मशीन खाली आलं. दोन पेरं. मला सोमवारी कळलं, ऑफिसात त्यांच्या शेजाऱ्याचा फोन आला — त्यांनीच सांगितलं होतं कळवायला, की रविवारी येणार नाही, मॅडमना सांगा, पान उलटायला दुसरं कुणी बघा. हाताला पट्टी बांधलेला माणूस निरोप काय पाठवतो बघ. मी हॉस्पिटलात गेले नाही. कशी जाणार? कोण म्हणून जाणार? सातव्या रविवारी ते आले आणि म्हणाले, ‘मॅडम, करंगळीबिगर होईल काय?’ व्हायोलिनला चार बोटं लागतात, अंगठा सोडून. मी म्हटलं, बघू. मग मी आमची सगळी नोटेशनं घरी आणली, इथेच, या टीपॉयवर, आणि जिथे जिथे चौथं बोट तिथे पेन्सिलीने तिसरं लिहिलं. पण तिसरं तिथवर पोचत नाही ना, मग ते घसरत न्यायचं वरच्या सुरापर्यंत. आपल्याकडे त्याला मींड म्हणतात, त्यांच्याकडे चालत नाही. मी लिहिलं तरी. अख्खा उन्हाळा गेला. आई म्हणायची, कसली परीक्षा आहे गं तुझी? आणि भीमराव तसे वाजवायला लागले. फार सुंदर — म्हणजे वेगळं. एका विशिष्ट जागी तो सूर असा हळूच चढायचा, जशी एखादी म्हातारी कठड्याला धरून पायरी चढते. पन्नास जणांत मला ओळखू यायचा. मला एकटीलाच, कारण तो मीच लिहिला होता.

तू लिहून घेऊ नकोस सगळं, रेकॉर्ड होतंय ना. इतिहासाकडे येते. आई नव्व्याण्णवला गेली — तो इतिहास नाही. सर दोन हजार एकला गेले. मग बाराजण उरलो. हॉलमध्ये बाराजण आणि पेटी. मी सेक्रेटरी झाले, दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. आणि दोन हजार दोनच्या दिवाळीत हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आला. तेजस. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. चांगला होता हो, उगाच नावं ठेवणार नाही मी. म्हणाला, आमचे लोक आहेत वाजवणारे, आमचं ऑडिटोरियम आहे, परदेशातून कंडक्टर आणू, आपण प्रॉपर ऑर्केस्ट्रा करू. प्रॉपर. म्हणजे पंधरा वर्षं आम्ही काय करत होतो? पण मी हो म्हटलं. बाराजणांत किती दिवस बसणार? आणि जर्मनीहून एक गृहस्थ आले, लिंडनर नावाचे, तीन महिन्यांसाठी. ते म्हणाले, सगळ्यांची परीक्षा घ्यायची. नवे, जुने, सगळे. पडद्याआड वाजवायचं, नाव नाही, नंबर फक्त, म्हणजे पक्षपात नको. ऐकणारे तिघं — लिंडनर, तेजस आणि मी. मी समितीतली, म्हणून माझी परीक्षा नाही. हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. म्हणजे खटकलं, पण — नाही खटकलं.

भीमरावांचं सांगतेय मी, हो. ते नापास झाले. त्यांना घेता आलं नाही. दर्जाचा प्रश्न होता, लिंडनरना घसरलेले सूर चालत नव्हते, जुने सात गेले त्यात हेही गेले. स्मरणिकेत एवढंच लिही — ‘काही ज्येष्ठ सभासद निवृत्त झाले.’ मी वार्षिक अहवालात तसंच लिहिलं होतं.

काय बघतेस अशी?

बरं. अकरा नंबर. फेब्रुवारीतला शनिवार, हिंजवडीला कॉन्फरन्स हॉल, एसी इतका की मी शाल घेऊन बसले होते. मधे निळा पडदा. दहा जण झाले, अकरावा आला, खुर्ची सरकवली — आणि चौथ्या ओळीत तो सूर चढला. कठड्याला धरून. माझ्या हातात पेन्सिल होती, ताल मोजताना ती टेबलावर आपटायची सवय आहे मला, बारीक, टक-टक. ती चालूच होती, मला भानही नव्हतं. आणि खरं सांगू, इतकं चांगलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एकटे. टेकू देणारा माणूस एकटा वाजवतोय आणि ते पोकळ वाटत नाहीये. लिंडनर तेजसला म्हणाले, हे घसरणं कुणी शिकवलं याला? तेजस म्हणाला, आय लाइक इट. आणि दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या, एकाची नाही, एकाची हो — मला दिसत होत्या ना. तिसरी माझी.

मी ‘नाही’ लिहिलं.

बेसूर नव्हते ते. कुठेच बेसूर नव्हते, हे मी तुला सांगतेय. मग का? त्याच आठवड्यात तालमीला क्लॅरिनेटवाला मोठ्याने म्हणाला होता, ‘बाईंच्या मिस्टरांना कसली काळजी, बाईच परीक्षक.’ आणि सगळे हसले. पूलगेटला कुणीतरी बघितलं होतं आम्हाला, वर्षानुवर्षं बघितलं होतं, आणि हे असं बोलत होते मागे. मी बावन्न वर्षांची. लग्न न केलेली बाई. माझ्याबद्दल ऑफिसात, सोसायटीत कधी कुणी एक शब्द बोललं नव्हतं, तेवढंच काय ते कमावलं होतं मी. आणि मला वाटलं, आता जर हो लिहिलं, तर ते खरं ठरेल. काय खरं ठरेल? काय होतं त्यात खरं ठरण्यासारखं? एक माणूस बस येईपर्यंत उभा राहायचा. आणि ते मला इतकं — जाऊ दे. तेजसने विचारलंसुद्धा, ‘मॅडम, ओळखीचं आहे का कुणी?’ मी म्हटलं, नाही.

पत्र मीच टाइप केलं. सेक्रेटरी ना. ‘श्री. भीमराव ढोमणे यांस, आपल्या दीर्घ सहकार्याबद्दल संस्था ऋणी आहे.’ खाली सही, हेमा वर्तक. पुढच्या रविवारी ते नोटेशनची फाइल परत करायला आले. मी हॉलच्या दारातच होते. म्हणाले, ‘मॅडम, पडद्याच्या आड तुमी होत्या. मले मालूम होतं.’ मी म्हटलं, कसं? म्हणाले, ‘तुमच्या पेन्सिलीचा आवाज आला ना जी. मंग म्हटलं, आता काई भेव नाई, आपलं माणूस हाये. बिनघोर वाजवलं.’ मी नजर खाली घातली. तर तेच मला म्हणतात, ‘तुमी काऊन वाईट वाटून घेता? तुमी एकल्या काय करसान, ते दोघं जण तिकडं.’ म्हणजे — तुझ्या लक्षात येतंय ना? त्यांना वाटलं, मी हो लिहिलं होतं. आणि मी मान हलवली. अशी. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मला ठाऊक नाही. त्यांनी फाइल दिली, सायकल घेतली आणि गेले. त्या दिवशी बस लगेच आली.

पुढे काय, मोठे कार्यक्रम झाले, ते तुला पेपरच्या कात्रणांत मिळतीलच. चारशे लोक, उभं राहून टाळ्या. माझ्याशेजारी साई नावाचा मुलगा बसायचा, कंपनीतलाच, हुशार, काय हात होता! पण पान वेळेवर उलटायचा. अगदी वेळेवर, शेवटच्या सुरावर, जसं उलटायला हवं तसं. आणि पहिल्याच कार्यक्रमात मी पानाच्या शेवटी आले, नजर पुढे गेली आणि पुढे काहीच नव्हतं. कागद संपलेला. थांबले. आठ मात्रा मी नुसता गज हवेत फिरवला. कुणाला कळलं नाही. पहिल्या रांगेतल्यांनाही नाही, साईलाही नाही. चुकले म्हणून कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. दोन हजार नऊला मंदी आली, कंपनीचं एक मेल आलं, सात ओळींचं, आणि संपलं. तेजसची बदली झाली. नोटेशनचं कपाट इथे आलं, आत बेडरूममध्ये आहे, आईच्या पलंगाच्या जागी. मग मी निवृत्त झाले. मग दिवसभर इथेच. वरच्या मजल्यावर नवे लोक आलेत, दारावर नाव नाही, नुसता नंबर.

गेल्या वर्षी मी गेले त्यांच्याकडे. कसं गेले म्हणजे, पत्ता शोधला. विश्रांतवाडी सोडली होती त्यांनी, मुलीने वाघोलीला फ्लॅट घेतलाय, ती आयटीतच आहे, तेही तिथेच. दोन बस बदलून गेले. सांगायचं होतं मला. आठ वर्षं ते मला चांगलं समजत होते आणि ते मला झोपू देत नव्हतं — चुकीचं वाईट समजलेलं सोसतं माणूस, चुकीचं चांगलं समजलेलं नाही सोसत. इंदुबाईंनी दार उघडलं. मला कधी पाहिलं नव्हतं त्यांनी, तरी म्हणाल्या, ‘पेन्सिलवाल्या मॅडम ना? या जी, या.’ बसवलं. भीमराव आले, केस पांढरे, पण तसेच. खूश झाले. खाली बसले, भिंतीला टेकून. इंदुबाई आत गेल्या आणि मी सांगून टाकलं. एका दमात. तेजस हो म्हणाला होता, मी ‘नाही’ लिहिलं, सूर चुकला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून लिहिलं. सगळं. मला वाटलं, ते चिडतील. किंवा म्हणतील, जाऊ द्या, झालं. दोन्हीची तयारी करून गेले होते, बसमध्ये उत्तरंसुद्धा ठरवली होती.

ते म्हणाले, ‘हे तुमी मले काऊन सांगतलं?’ मी म्हटलं, खरं ते कळायला हवं ना तुम्हाला. ते म्हणाले, ‘मॅडम, माही नोकरी गेली त्याच साली, कंपनी बंद झाली. मशीनवर दुसरं कोणी घेईना या हाताले. सगळ्यायनं नाई म्हटलं. मले वाटे, त्या एका खोलीत एक माणूस आपलं होतं, त्यानं हो म्हटलं होतं. तेवढं राहू द्याचं होतं ना जी.’ आवाज नाही चढवला. इंदुबाईंनी चहा आणला, मी प्यायले, कसा प्यायले देव जाणे. निघताना ते दारापर्यंत आले. मी म्हटलं, येईन मी पुन्हा. ते म्हणाले, ‘नका येऊ.’ आणि वाघोलीच्या स्टॉपवर मी पाऊण तास —

काय?

परवा? परवा तू त्यांच्याकडे जाऊन आलीस? वाघोलीला? अगं, मग आधी — हो, मीच बोलू दिलं नाही तुला, बरोबर. बरे आहेत ना? हं. बोलले? दीड तास? दीड तास बोलले भीमराव! मिनेझिस सरांचं सांगितलं असेल. माधवची पेटी. पिशवीचं सांगितलं? बरं. आणि — माझं काही? तू विचारलंस ना, शेजारी कोण असायचं म्हणून?

काय म्हणाले?

नीट सांग. जसं म्हणाले तसं सांग.

आठवत नाही म्हणाले.

हं.

नऊ वर्षं झाली ना गं, म्हणजे — असेल. वय झालं. नसेल आठवत. माधवची पेटी आठवते, पण — नाही, ठीक आहे. तू कशाला सॉरी म्हणतेस? तू काय केलंस? तू असं कर, ते म्हणाले तेच लिही. त्यांचं नाव लिही, दुसरं व्हायोलिन, अठ्ठ्याऐंशी ते दोन हजार तीन. शेजारच्या खुर्चीचं काही लिहू नकोस. माझं सेक्रेटरी म्हणून आलं तर आलं यादीत, नाही आलं तरी चालेल.

नाही, पाणी नको मला. तू नीघ आता. नीघ म्हटलं ना, रुपाली. दार नुसतं ओढून घे.